एका बाईला एक सुई

आई, ज्या दवाखान्यात तू सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होतीस, त्याचं ऑडिट माझ्याकडं होतं. दोन वर्षं होतं, या उन्हाळ्यात सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं, कारणं लिहून सोडलं. घरी सांगून झालं, ऑफिसात सांगून झालं, कायद्यानं जिथं कळवावं लागतं तिथं कळवून झालं. तुला सांगायचं राहिलं. हे सगळं ज्या गोष्टीवरून उघडकीला आलं ती मला कुठल्या पुस्तकात शिकवलेली नव्हती. ती तू शिकवली होतीस, छावणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत, ओट्याजवळ फरशीवर बसून.

तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्यात शहराचं नाव बदललं, माझ्या लेटरहेडवरचंही बदललं. रिक्षावाले अजून दोन्ही नावं घेतात. दवाखानाही बदलला. शहागंजच्या मागच्या गल्लीतला, खाली औषधाचं दुकान आणि वर थिएटर असलेला तो दुमजली दवाखाना आता कुणाचं तरी गोदाम आहे. नवा दवाखाना चिकलठाण्याकडं जाताना मोठ्या रस्त्यावर लागतो, सहा मजली, पुढून सगळी काच. तुझे मोठे डॉक्टर वारले. त्यांचा मुलगा सगळं बघतो. तोही डॉक्टरच आहे, पण ऑपरेशनला उभा राहत नाही. त्यानं दवाखान्याची कंपनी केली आणि त्या कंपनीचे शेअर बाजारात आणायचं ठरवलं. त्यासाठी एक रंगीत पुस्तिका छापली होती, तिच्या पहिल्याच पानावर 'पारदर्शक कारभार' असं मोठ्या अक्षरात होतं, आणि खाली एका हसऱ्या बाळाचा फोटो.

मी सीए झाले तेव्हा तू मला बिनटाचेच्या चामडी चपला आणल्या होत्यास. माझ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली, एकीला तर स्कूटर मिळाली. मी जरा हिरमुसूनच म्हणाले होते, "आई, आमचं काम खुर्चीवर बसून असतं." तू म्हणालीस, "खुर्चीवर बसून काय दिसतंय? मालाच्या खोलीत जावं लागंल. पाय दुखाया लागले की माणूस बघायचं सोडून देतंय." मग चपलांचा कागद घडी घालून ठेवता ठेवता तू विचारलंस, "पर तुझं काम नेमकं काय गं?" मी सांगितलं की लोक कंपनीत पैसे घालतात ते तिचा ताळेबंद बघून. तो खरा आहे की नाही हे लोकांना स्वतःला तपासता येत नाही, म्हणून ते मी तपासायचं आणि खाली सही करायची. तू कागदाची घडी फळीवर ठेवलीस. मग म्हणालीस, "आन तुला पैसे कोण देतंय? लोकं?" मी म्हणाले, नाही, कंपनी देते. "म्हंजी पैसे एकाचे, बाजू दुसऱ्याची," तू म्हणालीस. "अवघड हाय." इतक्या वर्षांत आमच्या धंद्याबद्दल याहून नेमकं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

ड्यूटीवरून आलीस की तू आधी कोपरापर्यंत हात धुवायचीस, साबण लावून, बोटांच्या फटी चोळून, मग पिठाला हात लावायचीस. मी आठवीत आहे, मेथी निवडतेय. बाबा कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेत. तू काठवटीत पीठ घेतेस आणि आजच्या बाया सांगायला लागतेस. नाव कधी सांगत नाहीस, फक्त गाव. "आज एक फुलंब्रीची होती. सुईला लई भ्याली. म्हणं, पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर जाती." मी विचारते, पाठीत कुठं देतात? तू हात पुसतेस, मला पाटावर बसवतेस. "वाक. मांजरीवानी. हनवटी छातीला लाव." तुझा अंगठा माझ्या मणक्यावरून मोजत खाली येतो आणि कमरेशी एका जागी थांबतो. "हितं. दोन हाडांच्या मधी. हितनं औषध गेलं की पोटापासनं खालचं अंग आपलं राहत नाय. बाई जागी असती, लेकराचं रडणं ऐकती, पर दुखत नाय." सुई केवढी असते, मी विचारते. "केसागत बारीक." मग ती परत वापरता का? "पूर्वी उकळून वापरायचो. आता नाय. एका बाईला एक सुई. वापरली की टाकली. हाड आडवं आलं तर कधी दुसरी बी लागती. पर एकीपेक्षा कमी कधी लागत नाय." एवढं बोलून तू परत हात धुतेस आणि भाकरी थापायला घेतेस.

एप्रिलात आमची माणसं दवाखान्यात बसली. शेअर विकायचे म्हणून यंदाचं ऑडिट सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होतं. बँकेचे कागद, बिलं, पगारपत्रकं सगळं नीट होतं. इतकं नीट क्वचित असतं. मी औषधांच्या खोलीत शिल्लक मोजायला उतरले. तिथं एका फळीवर त्या सुयांचे डबे होते, आणि डबे थोडे होते. मी खोली सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, महिन्याला किती लागतात? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. मग मी वर येऊन वर्षभरातल्या सिझेरियनच्या बिलांची संख्या काढली आणि वर्षभरात आणलेल्या सुयांची संख्या काढली. आदल्या वर्षीच्या उरलेल्या सुया त्यात मिळवल्या, फळीवरच्या वजा केल्या. वापरलेल्या सुया बिलांच्या निम्म्याहून थोड्याच जास्त भरत होत्या. भुलीच्या औषधाच्या कुप्याही तेवढ्याच. म्हणजे बिलांप्रमाणे ज्या बायांची पोटं चिरली होती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या पाठीत सुई गेलीच नव्हती.

मी विचारलं तेव्हा हिशेबाच्या माणसानं दोन उत्तरं दिली. एक, काही बायांना पूर्ण भूल देतात. दोन, भूल देणाऱ्या मॅडम स्वतःच्या बॅगेतून सामान आणतात. पहिलं लगेच तपासता आलं. पूर्ण भुलीला लागणारी औषधं, नळ्या यांची खरेदी जेमतेम होती. दुसऱ्यासाठी मॅडमकडं जावं लागणार होतं. अशा वेळी पत्र पाठवून लेखी उत्तर मागवायची आमची पद्धत आहे. मी पत्र घेऊन स्वतःच गेले, कारण मॅडम म्हणजे तुझ्या थिएटरमधल्याच मॅडम.

त्या आता सत्तरीच्या पुढं आहेत, छावणीतच राहतात, आपल्या जुन्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. थिएटरला अजून जातात, पण फक्त या एका दवाखान्यात, आणि बिलांवर भुलीचं नाव सगळीकडं त्यांचंच होतं. मला बघून त्यांनी आधी चष्मा पुसला. "सिस्टर की बेटी," म्हणाल्या. "बस, बस. तेरी माँ मेरेकू टेबलपर डांटती थी, मालूम?" मी पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग आतून एक जाड डायरी आणली. चाळीस वर्षं त्या प्रत्येक केस डायरीत लिहितात: तारीख, वेळ, किती औषध दिलं, भूल कुठवर चढली. मी म्हणाले, मला बायांची नावं नकोत, फक्त संख्या हवी. त्या हिंदी-मराठी मिसळत बोटानं ओळी मोजत राहिल्या, मी समोर बसून राहिले. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वो लोग कितने बोलते?" मी आकडा सांगितला. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "बेटा, इतके केस मी केले असते तर मला घरी यायलाच मिळालं नसतं," म्हणाल्या. बॅगेतून सुया आणता का, विचारलं तर म्हणाल्या, "एखादी. त्यांची वाकडी निघाली तर." त्यांनी संख्या कागदावर लिहून सही करून दिली. डायरीतल्या केसेस आणि वापरलेल्या सुया यांत पंधरावीसचाच फरक होता, तोही सुयांच्या बाजूनं जास्त. दुसऱ्यांदा टोचावं लागलेल्या त्या सुया.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "तुझ्या सीझरला भूल मीच दिली होती, आठवतं का?" आठवतं, म्हणाले. कसं विसरेन.

तेव्हा दवाखाना जुन्याच जागी होता. तुझ्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. माझ्या ऑपरेशनला तू असू नयेस असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, पण तू माझ्या डोक्याशी उभी होतीस, हिरवी टोपी, हिरवा मास्क, फक्त डोळे दिसत होते. पाठीत सुई गेली, पाय गरम झाले, जड झाले. मॅडमनी आधी गार बोळा लावून बघितला, मग चिमट्यानं पोटाला चिमटा काढला. "दुखतंय का?" उजवीकडं काही नव्हतं. डावीकडं दुखलं, चांगलंच दुखलं. आणि मी म्हणाले, "नाही." सिस्टरची मुलगी, सगळे ओळखीचे, मोठे डॉक्टर हात धुऊन उभे. घाबरट दिसायचं नव्हतं मला. मॅडम मान हलवणार एवढ्यात तू म्हणालीस, "थांबा." माझ्या डाव्या पायाचा अंगठा हलला होता तो तू बघितला होतास. तू खाली वाकलीस आणि माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "खोटं कशापायी बोलतीस? दुखतंय तर दुखतंय म्हण. धीटपणा दाखवाया आलीस का हितं? तुला बरं वाटावं म्हणून तो चिमटा नाय, आम्हाला कळावं म्हणून हाय."

सगळ्या थिएटरसमोर. मला रडू आलं, दुखण्याचं नव्हे, अपमानाचं. मोठे डॉक्टर घड्याळाकडं बघत म्हणाले, सिस्टर, चढेल हळूहळू, सुरू करू. तू म्हणालीस, "चढल्यावर सुरू करू, सर." मॅडमनी टेबल डावीकडं कलतं केलं. आपण थांबलो. किती मिनिटं, मला सांगता येणार नाही. परत चिमटा. तरी दुखलं. आता मी 'हो' म्हणाले. मला परत बसवलं, परत मांजरीसारखं वाकवलं, दुसरी सुई दिली. मग खरोखर काही नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं, पिशवीतून कुणी काही शोधत असावं तसं. पोरगी रडली तेव्हा मी जागी होते आणि मला काही दुखत नव्हतं. ती आता बारावीला आहे.

बाळंतपणात तू मला शेक देत होतीस तेव्हा मी विचारलं होतं, सगळ्यांसमोर का बोललीस? माझा राग गेला नव्हता. तू शेगडी सरकवलीस आणि एका बाईची गोष्ट सांगितलीस, जी त्याआधी कधी सांगितली नव्हतीस. तू नोकरीला नवी होतीस तेव्हाची. पैठणकडची बाई, दुसरं सिझेरियन, आत सगळं चिकटलेलं, म्हणून ऑपरेशन लांबलं. पोट शिवताना भूल उतरायला लागली. बाई म्हणाली दुखतंय. मोठे डॉक्टर म्हणाले, नुसतं ओढतंय, भिते ती. भूल देणारे डॉक्टर तेव्हा दुसरे होते, ते पुढच्या केसला निघून गेले होते. तू त्या बाईचे दोन्ही हात धरून ठेवलेस आणि म्हणत राहिलीस, "झालं माय, झालं, दोनच टाके." दोन टाके नव्हते, तुला माहीत होतं. "आठव्या दिवशी टाके काढाया आली," तू मला सांगितलंस. "वर बघून म्हणली, सिस्टर, मी वरडत होते, तुम्हाला ऐकू येत नव्हतं काय?" मी विचारलं, तू काय म्हणालीस? "काय म्हणणार? टाके काढले." त्यानंतर दोन दिवस तुला जेवण गेलं नाही. मग नव्या मॅडम दवाखान्यात यायला लागल्या, तेव्हा तू त्यांना म्हणालीस, मला शिकवा, भूल चढली का नाही ते कसं वळखायचं. सिस्टरचं ते काम नव्हतं. तरी तू शिकलीस.

मॅडमच्या घरून आल्यावर दोन दिवसांनी मी मालकाकडं गेले. मालक म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. मला ताई म्हणतो. माणूस आवाज चढवणारा नाही. माझे कागद त्यानं शांतपणे बघितले, चहा मागवला.

"ताई, या सुयांची वर्षाची खरेदी किती हजारांची आहे?" तो म्हणाला. "एवढ्यावरून तुम्ही अख्खा ताळेबंद अडवणार?"

"सुया किरकोळ आहेत, मान्य आहे," मी म्हणाले. "सिझेरियनची बिलं किरकोळ नाहीत."

"स्टोअरची नोंद चुकली असेल."

"कुप्यांचीही चुकली? मॅडमच्या डायरीचीही?"

त्यानं कागद माझ्याकडं परत सरकवले. मग म्हणाला, "तुम्ही आमच्या घरातल्या. सिस्टर इथं जन्मभर होत्या. बाबा नेहमी म्हणायचे, सिस्टर म्हणजे दवाखान्याचा कणा. त्यांच्या मुलीनं हे करावं?"

मी म्हणाले, "मग एक सोपी गोष्ट करू. प्रत्येक जन्माची नोंद दवाखाना महापालिकेला पाठवतो. त्याच्या प्रती मला द्या. जितकी सिझेरियनची बिलं तितकी सिझेरियनची बाळं त्यात दिसली की मी सही करते."

"पाठवतो," तो म्हणाला. तीन आठवडे त्या प्रती आल्या नाहीत. आला तो त्यांच्या सल्लागाराचा निरोप. तब्येतीचं कारण देऊन मी काम सोडावं, फी पूर्ण मिळेल. ऑडिटरनं तब्येतीचं कारण दिलं की कुणी काही विचारत नाही. जागेवर दुसरा येतो, सही होते, शेअर विकले जातात. मी सोडलं, पण पत्रात कारण लिहिलं: सुया, कुप्या, मॅडमची संख्या, न आलेल्या प्रती. वर जिथं कळवायचं तिथं तेच कळवलं. नंतर चौकशीत निघालं की मालकाच्याच दुसऱ्या एका फर्मचे पैसे पेशंटांच्या नावानं दवाखान्यात यायचे आणि वेगळ्या वाटेनं परत जायचे. धंदा वाढतोय असं दिसावं म्हणून. खऱ्या बाया होत्या त्यांच्यावर उपचार नीटच झाले होते, हे मी सगळ्यांना सांगते. तिथल्या थिएटरला बोल लागू नये.

शेअर बाजारात आले नाहीत. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. माझी दोन कामं गेली. त्यांतलं एक मालकाच्या मेव्हण्याचं होतं. तेवढ्यावर निभावलं.

माझं निभावलं. बारकीचं नाही. तुझ्या हाताखाली शिकलेली ती किडकिडीत पोरगी, जिला तू शेवटपर्यंत 'ए बारके' म्हणायचीस, ती आता तिथली मुख्य सिस्टर आहे, पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले. बाहेरच्या लोकांना शेअर विकायच्या आधी मालकानं ते आपल्या माणसांना दिले होते, मागच्या हिवाळ्यात. घरच्यांना स्वस्तात, म्हणून. बाजारात आले की दुप्पट होतील, असं सांगून. सोबत ती रंगीत पुस्तिका आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद. बारकीनं मुलाच्या लग्नासाठी ठेवलेले सगळे पैसे घातले. आणखी सात-आठ सिस्टर, दोन वॉर्डातल्या मावश्या, एक ड्रायव्हर. मालकानं बोभाटा होऊ नये म्हणून काहींना थोडे परत दिले, बारकीला निम्म्याच्या आसपास मिळाले. बाकीच्यासाठी तिनं तक्रार केली आहे. अर्ज मीच लिहून दिला.

अर्ज लिहायला ती माझ्या ऑफिसात आली होती, ड्यूटी संपवून, दुपारी चारच्या सुमाराला. पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसली. मी म्हणाले, एवढे पैसे घालताना कुणाला विचारायचं तरी. ती म्हणाली, "कुणाला इचारणार ताई? मला त्या पुस्तकातलं काय कळतंय. शेवटच्या पानावर तुमची सही बघितली. म्हणलं, सिस्टरची पोरगी हाय, मग बघायचंच काय." मी लिहीत राहिले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, दोष देण्याच्या सुरात नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, "मागल्या साली हे दिसलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "नाही. यंदाच लक्षात आलं."

सगळ्या पत्रांत मी तेच लिहिलंय, 'चालू वर्षाच्या तपासणीत निदर्शनास आले', आणि ते खोटंही नाही, कारण मोजणी मी यंदाच केली. पण मागच्या वर्षी मी त्याच खोलीत उतरले होते, तीच फळी बघितली होती. डबे थोडे वाटले होते. रजिस्टरवर बोट ठेवून मी क्षणभर थांबले होते, आणि वरून निरोप आला की साहेबांनी चहाला बोलावलंय. मी रजिस्टर मिटलं. मॅडम आणत असतील बॅगेतून, असं माझं मीच ठरवलं. तेव्हा तर कुणी सांगितलंही नव्हतं. केबिनमध्ये गेले, गुबगुबीत खुर्ची, कपबशीतला चहा, मालक उठून उभा राहिला. जुन्या दवाखान्यात पगाराच्या दिवशी तू मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर भिंतीला टेकून उभी राहायचीस, कधी तासभर, मी शाळेतून येऊन तुझ्याजवळ उभी राहायचे. त्या दुपारी मला फार चांगलं वाटलं होतं. ते बिघडवायचं नव्हतं. तीन दिवसांनी सही केली. लेक म्हणते, आजीला अभिमान वाटला असता. तिला यंदाचंच माहीत आहे.

हे ऑफिसच्या कागदावर लिहितेय, दार लावून. पाठवायला पत्ता नाही आणि घरात ठेवण्यासारखं नाही, तेव्हा इथंच खणात राहील. बारकीनं परवा फोन करून रविवारी जेवायला बोलावलंय. जाते म्हटलंय. मागच्या वर्षीचं तिला सांगून टाकावं असं या घडीला तरी वाटतंय. पण आई, तिचा फोन आला तेव्हा मला जे पहिल्यांदा वाटलं ते हे नव्हतं. बरं वाटलं होतं, की तिला अजून काही माहीत नाही.